टर्कीचा पंचनामा : पक्ष्याचे जुने चित्र कसे वाचावे

मोबाइलवर पक्ष्यांची चित्रे सतत फिरत असतात. त्यांपैकी काही हल्ली संगणकाने रचलेली असतात आणि त्यांतला पक्षी पृथ्वीच्या पाठीवर कुठेही सापडत नाही. काही मात्र खरोखरीची जुनी चित्रे असतात, आणि त्यांच्याखाली कोणीतरी हमखास लिहिलेले असते की चारशे वर्षांपूर्वीचे असूनही हे अगदी फोटोसारखे आहे. ही दाद मनापासूनची असते, परंतु तिच्यामुळे चित्र वाचण्याचे काम सुरू होण्यापूर्वीच संपते. फोटोसारखे आहे म्हणजे खरे आहे, आणि खरे आहे म्हणजे त्याविषयी विचारण्यासारखे काही उरलेले नाही, असा तो हिशेब असतो.

माझ्या मते असे चित्र फोटोपेक्षा पंचनाम्याच्या अधिक जवळचे आहे. पंचांनी जागेवर जाऊन जे पाहिले ते कागदावर उतरवायचे, कुलूप तुटलेले होते, कपाट उघडे होते, दारापासून कपाट इतकी पावले होते, एवढेच पंचनाम्यात असते. चोरी कशी झाली हे त्यात नसते, कारण ते कोणी पाहिलेले नसते. असा कागद हाती आला की जाणता वकील काही ठरावीक प्रश्न विचारतो : पंच खरोखर जागेवर होते का, तेव्हा उजेड किती होता, कागद तिथेच लिहिला की नंतर ठाण्यात बसून, आणि त्यांना काय लिहायला सांगितले होते. पक्ष्याच्या चित्रालाही नेमके हेच प्रश्न विचारता येतात. त्यासाठी एक चांगले प्रकरण हाताशी आहे, आणि त्याची सुरुवात गोव्यात होते.

गोव्याहून आलेला पक्षी

१६१२ साली बादशहा जहांगीर याचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून दरबारात परतला. गोव्याच्या बंदरात पोर्तुगिजांकडे ज्या दुर्मीळ वस्तू मिळतील त्या, फिरंगी मागतील ती किंमत देऊन विकत घ्याव्यात, अशी त्याला आज्ञा होती. त्याने आणलेल्या अजब प्राण्यांमध्ये एक टर्की होता. हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेतला. मेक्सिकोत तो माणसाळला, तेथून सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पोर्तुगिजांच्या जहाजांतून तो गोव्याला पोहोचला. त्याचा पत्ता मात्र कोणालाच नीट लागला नाही. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानच्या नावाने ओळखले, तुर्कांनी त्याला 'हिंदी' म्हटले, फ्रेंचांनीही तो हिंदुस्थानचाच ठरवला आणि पोर्तुगिजांनी त्याला 'पेरू' असे नाव दिले. आपल्या फळाच्या नावामागेही तोच दक्षिण अमेरिकेतला देश सांगितला जातो, ही एक गंमत.

जहांगिराने आपल्या आत्मवृत्तात या पक्ष्याचे जे वर्णन केले आहे ते एखाद्या क्षेत्रनिरीक्षकाला शोभावे असे आहे. हा पक्षी लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान आहे. माजावर आला की मोरासारखा पिसारा पसरून नाचतो. चोच आणि पाय कोंबड्याचे आहेत. डोके, मान आणि गळ्याखालची लोंबती कातडी यांचे रंग क्षणोक्षणी बदलतात : कधी पोवळी जडवल्यासारखी लाल, थोड्या वेळाने कापसासारखी पांढरी, तर कधी पिरोजी, अगदी सरड्यासारखी. डोक्यावरचा मांसल तुरा माजात असताना हत्तीच्या सोंडेसारखा वीतभर खाली लोंबतो आणि वर घेतला की गेंड्याच्या शिंगासारखा दोन बोटे उभा राहतो. डोळ्यांभोवतीचा भाग मात्र नेहमी पिरोजीच असतो, तो कधी बदलत नाही, असेही तो आवर्जून नोंदवतो.

याच पक्ष्याचे जहांगिराचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेले चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. म्हणजे एकाच पक्ष्याचे दोन पंचनामे आपल्याकडे आहेत, एक शब्दांत आणि एक रंगांत, आणि ते शेजारी ठेवले की दोघांच्या मर्यादा लगेच दिसतात. शब्दांना काळ दाखवता येतो, आधी लाल, मग पांढरा, मग पिरोजी. चित्राला यांतली एकच घटका निवडावी लागते. मानेची कातडी बोटाला खरखरीत लागेल की मऊ, पिसाच्या टोकाशी काळा रंग कोठे संपतो आणि तपकिरी कोठे सुरू होतो, हे मात्र शब्दांना जमत नाही.

बादशहालाही याची जाण होती. बाबराने आपल्या आठवणींत प्राण्यांची वर्णने केली, परंतु चित्रकारांकडून त्यांची चित्रे कधी काढवून घेतली नाहीत. हे प्राणी फारच अजब वाटल्याने मी वर्णनही लिहिले आणि चित्रेही काढवली, म्हणजे ऐकून वाटणारे आश्चर्य पाहून वाढेल, अशा अर्थाचे जहांगिराचे विधान आहे. पंचांना काय लिहायला सांगितले होते, या प्रश्नाचे उत्तर इथे असे आयते मिळते. चित्र आश्चर्यासाठी होते. पक्षी राहतो कोठे, खातो काय, थव्यात असतो की एकटा, हे त्याच्याकडून कोणी मागितलेच नव्हते.

'निसर्गदर्शी' कशाला म्हणायचे?

या लेखात मी 'निसर्गदर्शी' हा एकच जडसा शब्द वापरणार आहे. ज्या चित्रात पक्षी खूण म्हणून किंवा नक्षी म्हणून येत नाही, तर त्या जातीचा पक्षी निसर्गात जसा असतो तसा दाखवण्याचा प्रयत्न असतो, ते निसर्गदर्शी चित्र.

फरक समजण्यासाठी पैठणीचा पदर आठवावा. त्यावरचा मोर मोर आहे हे लहान मुलालाही कळते, पण त्याच्या पिसाऱ्यात पिसे किती किंवा त्याच्या पायाला बोटे किती असे कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये. त्याच पैठणीवर जिला 'मुनिया' म्हणतात ती तर चक्क पोपट असते. पक्षीनिरीक्षकाची मुनिया म्हणजे गवताचे बी टिपणारा चिमणीएवढा पक्षी, आणि तो इथे औषधालाही नसतो. विणकराची यात काही चूक नाही, कारण त्याने जातीची ओळख पटवण्याचे आश्वासन दिलेलेच नव्हते. मन्सूर मात्र ते आश्वासन देतो, म्हणून त्याला बोटे मोजून दाखवावी लागतात.

तरीही निसर्गदर्शी चित्रालाही आपले संकेत असतात, म्हणजे पाहणाऱ्याने आणि काढणाऱ्याने न बोलता मान्य केलेले नियम. मोगल चित्रांतील पक्षी बहुधा बाजूने दिसतो, चोचीची पूर्ण रेषा, एक डोळा, मिटलेला पंख, दोन्ही पाय स्पष्ट. निसर्गात पक्षी इतका उपकार क्वचितच करतो. तो पानाआड असतो, पाठमोरा असतो किंवा उडून गेलेला असतो. ओळखपत्राच्या फोटोत माणूस कॅमेऱ्याकडे सरळ पाहत बसलेला असतो आणि आयुष्यात तो असा क्वचितच बसतो, म्हणून ओळखपत्र खोटे ठरत नाही. पण हा माणूस दिवसभर असाच ताठ बसतो असा निष्कर्ष त्यावरून कोणी काढला तर चूक काढणाऱ्याची.

जिवंत पाहिला की मेलेला?

वकिलाचा पहिला प्रश्न, पंच जागेवर होते का, हा पक्ष्यांच्या बाबतीत जरा उदास करणारा ठरतो. १६२० साली काश्मीरमध्ये जहांगिराला एका ओढ्यात बुड्या मारून पाण्याखाली बराच वेळ राहणारा आणि भलतीकडेच वर येणारा एक लहान पक्षी दिसला. वर्णनावरून तो डिपर असावा. त्याचे पाय बदकासारखे पडद्याचे आहेत की जमिनीवरच्या पक्ष्यांसारखे सुट्या बोटांचे, हे पाहण्यासाठी त्याने दोन पक्षी पकडून आणवले. एक तत्काळ मेला आणि दुसरा एक दिवस जगला. पायाला पडदा नव्हता, हे नक्की झाले, आणि मग मन्सूरला चित्र काढण्याची आज्ञा झाली. ओढ्यात बुडी मारणाऱ्या पक्ष्याचे चित्र काढायला चित्रकाराजवळ होता तो एक मेलेला आणि एक मरणपंथाला लागलेला जीव.

त्याच्या आदल्या वर्षीचे उदाहरण याहून बोलके आहे. इराणच्या शाह अब्बासने भेट म्हणून एक उत्तम ससाणा पाठवला होता. वाटेत शिकारखान्याच्या अधिकाऱ्याच्या निष्काळजीपणाने त्याला मांजराने जखमी केले, आणि दरबारात पोहोचल्यावर तो आठवड्याभराहून अधिक जगला नाही. त्याच्या पंखांवर, पाठीवर आणि कुशीवर असलेल्या सुंदर काळ्या खुणांनी हरखून जाऊन जहांगिराने मन्सूरला त्याचे चित्र काढून जतन करायला सांगितले. अशा चित्रात ससाणा अड्ड्यावर डौलाने बसलेला असेल, तर तो डौल चित्रकाराच्या स्मरणातून आणि इतर अनेक ससाणे पाहिलेल्या डोळ्यांतून आलेला असणार. खुणांचा तपशील तेवढा त्या एका अभागी पक्ष्याचा.

ही पद्धत केवळ मोगलांची नव्हती. अमेरिकेतील पक्ष्यांची ४३५ मोठी चित्रपत्रे १८२७ ते १८३८ या काळात प्रसिद्ध करणारा जॉन जेम्स ऑडुबॉन पक्षी आधी बंदुकीने टिपत असे, मग त्याला तारांनी चौकटी आखलेल्या फळीवर हव्या त्या आविर्भावात बसवत असे आणि त्या चौकटींच्या आधाराने कागदावर उतरवत असे. प्रत्येक पक्षी खऱ्या आकारमानाचा दाखवायचा त्याचा हट्ट होता. त्यामुळे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, कागदावर मावेना, आणि चित्रात त्याची मान खाली वाकली. ते वाकणे मोठे डौलदार आहे, परंतु त्याचे एक कारण पाणथळीत नसून कागदाच्या उंचीत आहे.

मग चित्रातला पक्षी जिवंतपणी पाहिला होता हे ओळखायचे कसे? याला खात्रीचा उपाय नाही, पण काही जागा आहेत जिथे मरण लवकर दिसते. पक्षी मेला की डोळ्याचे तेज प्रथम जाते आणि बुबुळाचा रंग मंदावतो. पिसे वर्षानुवर्षे रंग टिकवतात, पण उघड्या कातडीचे रंग झपाट्याने उतरतात. टर्कीच्या डोक्या-मानेचा रंग तर कातडीतील रक्तवाहिन्या फुगण्या-आकसण्यावर अवलंबून असतो, म्हणून तो मेल्यावर टिकण्याचा प्रश्नच येत नाही. मन्सूरच्या चित्रातील टर्कीच्या मानेवर निळा आणि लाल रंग ताजे आहेत, आणि बादशहाने त्याला नाचताना पाहिल्याची नोंद शेजारी आहे. या प्रकरणात पंच जागेवर होते असे मानायला मला अडचण वाटत नाही.

पण पीस न् पीस दाखवले आहे, मग शंका कशाला?

हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो स्वाभाविक आहे. मोगल चित्रकार खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला वापरत, रंगाचे पातळ थर एकावर एक चढवत आणि कागद मागून गुळगुळीत दगडाने घोटून त्याला झळाळी आणत. एवढ्या कष्टाने काढलेल्या पिसावर शंका घेणे कृतघ्नपणाचे वाटते. पण न्यायालयात बसलेल्या कोणालाही विचारावे : खोटा साक्षीदार पुष्कळदा खऱ्यापेक्षा अधिक तपशील देतो. तपशील किती आहे यापेक्षा तो कोठे आहे हे पाहावे लागते.

पक्ष्याची पिसे अंगभर सारखी नसतात. कौलारू छपरावर कौले जशी ठरावीक ओळींत एकावर एक चढलेली असतात तशी ती असतात, आणि खांद्याजवळची लहान, त्याखाली मध्यम आणि कडेला उड्डाणाची लांब पिसे असा त्यांचा क्रम ठरलेला असतो. हा क्रम ठाऊक नसलेला चित्रकार माशाच्या खवल्यांसारखी एकाच मापाची पिसे अंगभर मांडतो. ती कितीही नाजूक असोत, त्याने पक्षी जवळून पाहिला नव्हता एवढे ती सांगून जातात. पायांचेही तसेच. बहुतेक पक्ष्यांना पुढे तीन आणि मागे एक बोट असते, पोपटाला आणि सुताराला पुढे दोन आणि मागे दोन, आणि फांदी धरताना ती बोटे कोठे वाकतात हे कल्पनेने काढता येत नाही. मी स्वतः कोणतेही जुने चित्र पाहताना आधी पाय पाहतो, मग डोळा आणि मग पंख. पिसाऱ्याचा झगमगाट शेवटी, कारण तिथे माणूस सर्वांत सहज फसतो.

रंगांबाबत एक सावधगिरी हवी. शिशापासून केलेला पांढरा रंग हवेतील गंधकाने काळवंडतो आणि वनस्पतींपासून केलेले काही रंग उजेडाने उडतात. म्हणून पांढऱ्या पिसांवरचे करडे डाग पक्ष्याचे आहेत की कागदाच्या वयाचे, हा प्रश्न निकाली लागल्याशिवाय त्यावरून जात ठरवू नये. पडद्यावर पाहत असाल तर मोबाइलने रंग किती भडक केले आहेत हाही प्रश्न त्यात मिळवावा.

मोकळी जागा आणि फुलांची फांदी

टर्कीच्या मागे जवळजवळ काहीच नाही. ही उणीव नसून सांगण्याची एक रीत आहे : हा पक्षी त्याच्या मुलखातून उचलून तुमच्यासमोर ठेवला आहे, असे ती मोकळी जागा सांगते, आणि गोव्याहून हजारभर मैलांवर आग्र्याला आलेल्या मेक्सिकन पक्ष्याबद्दल ते अक्षरशः खरे आहे. पार्श्वभूमी भरलेली असते तेव्हाच खरे तर अधिक सावध राहावे लागते.

कोलकात्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एलायजा इंपे यांच्या पत्नी मेरी इंपे यांनी आपल्या बागेत पशुपक्षी पाळले होते, आणि १७७७ ते १७८२ या काळात शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास या पाटण्याच्या चित्रकारांकडून त्यांची तीनशेहून अधिक चित्रे काढवून घेतली. शक्य तिथे पक्षी खऱ्या आकारमानाचा, कागद विलायती आणि हात मोगल परंपरेतला. यांतील पुष्कळ पक्षी पाना-फुलांच्या फांदीवर बसलेले आहेत आणि ती पाने-फुलेही अभ्यासपूर्वक काढलेली आहेत. परंतु पक्षी खरा आणि फांदी खरी, म्हणून तो पक्षी त्या फांदीवर बसतो असे सिद्ध होत नाही. पक्षी पिंजऱ्यातला आणि फांदी बागेतली असू शकते. लग्नाच्या स्वागत समारंभात नवरा-नवरीच्या मागे बर्फाच्या डोंगराचा पडदा असला म्हणून लग्न मनालीला लागले असे आपण समजत नाही, तसेच हे.

परिसर आणि पक्षी यांचे नाते खरोखर दाखवणारे चित्रकार पुढे झाले. स्वीडनचा ब्रुनो लिलयेफोर्श (१८६०-१९३९) हा त्यांतला अग्रणी. त्याच्या चित्रांत पक्षी गवतात आणि सावलीत इतके मिसळलेले असतात की ते शोधावे लागतात, आणि रानात नेमके तसेच होते. तोही शिकारी होता, हेही सांगायला हवे.

सही कोणाची आणि नक्कल कोणाची?

पंचनाम्याची झेरॉक्स आणि मूळ प्रत यांत फरक असतो, आणि झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर अक्षरेही बुजलेली असतात. मोगल चित्रशाळांत नक्कल करणे हा गुन्हा नव्हता, तो शिकण्याचा आणि चित्र टिकवण्याचा मार्ग होता. पारदर्शक पातळ कातडे चित्रावर ठेवून बाह्यरेषा घेतली जाई, तिला 'चरबा' म्हणत. मग त्या रेषेवर सुईने टोचून कोळशाची पूड झटकली की दुसऱ्या कागदावर तीच आकृती ठिपक्यांत उमटे. जहांगिराच्या काळातील पक्ष्यांच्या चित्रांच्या अशा नकला पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पुष्कळ झाल्या आणि काहींवर मन्सूरचे नावही चढले. म्हणून चित्रावर 'उस्ताद मन्सूर' लिहिलेले दिसले की ते चित्रकाराच्या हातचे आहे की नंतर कोणी नोंद म्हणून किंवा भाव वाढावा म्हणून लिहिले आहे, हे तज्ज्ञ तपासतात. आपल्यासारख्या सामान्य वाचकाला ते जमणार नाही. पण नकलेत बाह्यरेषा टिकते आणि पिसांचा क्रम बिघडतो, एवढे लक्षात ठेवले तरी काम भागते, कारण नक्कल करणाऱ्याने पक्षी पाहिलेला नसतो, त्याने चित्र पाहिलेले असते.

डोडोच्या प्रकरणात कोणावर विश्वास ठेवायचा?

आतापर्यंतच्या उदाहरणांत एक सोय होती, पक्षी आजही आहे, म्हणून चित्र ताडून पाहता येते. पक्षीच नाहीसा झाला असेल तर? मॉरिशसचा डोडो सतराव्या शतकात संपला. तो जिवंत पाहिल्याची सर्वसाधारणपणे मानली जाणारी शेवटची नोंद १६६२ सालची आहे. त्याचे रूप आपल्याला मुख्यतः चित्रांतूनच माहीत आहे, आणि चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत.

आपल्या डोळ्यांसमोर येणारा गुबगुबीत, ढेरपोट्या डोडो हा बहुतांशी रोलांट साव्हेरी या डच चित्रकाराचा आहे. त्याने डोडो वारंवार चितारला, आणि त्याचे १६२६ च्या सुमाराचे प्रसिद्ध चित्र आज लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. १८६५ साली मॉरिशसच्या एका दलदलीत डोडोची हाडे मोठ्या संख्येने सापडली आणि रिचर्ड ओवेन या नामवंत शास्त्रज्ञाने १८६६ साली सांगाडा जोडून प्रसिद्ध केला. जोडताना त्याने हाडे बसवली ती साव्हेरीच्या चित्रातील बाह्यरेषेत! साहजिकच सांगाडाही बसका आणि ठेंगणा झाला, आणि काही वर्षे चित्राला हाडांचा पुरावा आणि हाडांना चित्राचा पुरावा असा कारभार चालला. १८७२ मध्ये ओवेनने स्वतःच चूक सुधारून सांगाडा अधिक ताठ उभा केला. शास्त्रज्ञ हाडांवर विश्वास ठेवतात आणि चित्रावर रसिक, अशी जी आपली समजूत असते तिला या गोष्टीने चांगलाच धक्का बसतो.

दुसरे चित्र रशियातील हर्मिटेज संग्रहालयात आहे. ते १६२५ च्या सुमाराचे मोगल चित्र असून त्यावर सही नाही. मन्सूरचे असावे असा अभ्यासकांचा तर्क आहे. त्यातला डोडो सडपातळ आणि तपकिरी आहे. तो हिंदुस्थानात आला तरी कसा, याचे उत्तर सुरतेत मिळते. १६२८ ते १६३४ या काळात भारतात असलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सुरतेला दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे.

आता या चित्राची उलटतपासणी करू. पानावर डोडो एकटा नाही, भोवती आणखी पक्षी आहेत. त्यांची ओळख अशी पटवली गेली आहे : पट्टकादंब, रंगीत पखुर्डी, पश्चिम हिमालयातला ट्रॅगोपान आणि आग्नेय आशियातला निळ्या माथ्याचा छोटा लटकन-पोपट. हे सगळे निसर्गात एका जागी कधीच भेटणार नाहीत, म्हणून हे निसर्गदृश्य नव्हे हे पहिल्या नजरेतच ठरते. हा संग्रह आहे. पण त्याचा फायदा असा की डोडो सोडून बाकीचे पक्षी आज हयात आहेत. त्यांची जात ओळखता येण्याइतके ते बरोबर काढले असतील, तर ज्या हाताने आणि ज्या डोळ्याने त्यांच्याशी इमान राखले त्याने पाचव्याच पक्ष्याच्या वेळी थापा मारल्या असतील असे मानायला कारण लागते, आणि तसे कारण कोणी दिलेले नाही. साक्षीदाराची जी विधाने तपासता येतात ती खरी निघाली की न तपासता येणाऱ्या विधानांचे वजन वाढते, हा न्यायालयातला नियम इथे उपयोगी पडतो. मन्सूरच्या नावावर असलेले सायबेरियन क्रौंचाचे आणि तणमोराचा भाऊबंद असलेल्या बंगाल फ्लोरिकनचे चित्र कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. युरोपीय शास्त्रज्ञांनी या दोन जातींना शास्त्रीय नावे दिली ती अनुक्रमे १७७३ आणि १७८९ साली, म्हणजे सुमारे दीडशे वर्षांनंतर, आणि तरीही चित्रे पाहून जाती ओळखता येतात. साक्षीदाराची पूर्वपीठिका चांगली आहे.

मग साव्हेरी खोटारडा ठरतो का? तसेही नाही. त्याने पाहिलेला डोडो जास्त खाऊ घातलेला असेल किंवा पेंढा भरलेला असेल. शिवाय २०१७ साली डोडोच्या हाडांच्या सूक्ष्म रचनेवरून अभ्यासकांनी असे मांडले की तो दरवर्षी पिसे झाडत असे, आणि जुन्या वर्णनांतील रंगांचा व पिसांचा फरक त्यामुळेही पडलेला असू शकतो. दोन पंचांनी घर वेगवेगळ्या ऋतूंत पाहिले तर एकाच्या कागदावर अंगणात चिखल असेल आणि दुसऱ्याच्या कागदावर धूळ.

फोटो असताना चित्रांची एवढी उठाठेव का?

पक्षी ओळखण्याच्या पुस्तकांकडे पाहिले तर याचे उत्तर सापडते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ साली काढले ते रंगीत चित्रांसह, आणि आज हजारो उत्कृष्ट फोटो उपलब्ध असतानाही निरीक्षकांच्या पिशवीतल्या अनेक मार्गदर्शिकांमध्ये चित्रेच असतात. फोटो एका पक्ष्याचा, एका क्षणाचा आणि एका उजेडातला असतो. त्या दिवशी त्या पक्ष्याचे शेपटीचे पीस गळलेले असेल तर फोटो तेच दाखवतो. चित्रकार अनेक पक्षी पाहून त्या जातीचा एक प्रातिनिधिक पक्षी उभा करतो, शेजारच्या सारख्या दिसणाऱ्या जातीपासून वेगळेपण कोठे आहे ते उठावदार करतो आणि बाकीचे गाळतो. म्हणजे इथे चित्र फोटोपेक्षा उपयोगी पडते ते नेमके फोटोसारखे नसल्यामुळे.

संगणकाने रचलेल्या चित्राला मात्र वकिलाचा पहिलाच प्रश्न विचारला की ते अडखळते, कारण तिथे जागेवर कोणी नव्हतेच. पिसे झळझळीत असतात, डोळा पाणीदार असतो, आणि पायाची बोटे फांदीत शिरून कुठेतरी नाहीशी झालेली असतात. काढणारा माणूस निदान चुकत असला तरी काहीतरी पाहून चुकत असे. जहांगिराला झेब्रा भेट आला तेव्हा त्याच्या अंगावरचे पट्टे कोणी रंगवले असावेत अशी काहींना शंका आली, ती नीट तपासून घेतल्यावर मग हे ईश्वराच्याच कुंचल्याचे काम असल्याचे त्याने लिहिले आणि १६२१ साली मन्सूरने त्याचे चित्र काढले. शंका आधी, तपासणी नंतर आणि चित्र शेवटी, हा तिथला क्रम होता.

मुंबईत राहणाऱ्यांना किंवा तिकडे जाणाऱ्यांना हा सराव एका फेरीत करता येण्यासारखा आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांचे दालन आहे आणि निसर्गेतिहासाचेही आहे. आधी चित्रांतील पक्ष्यांचे पाय, डोळे आणि पंखांच्या ओळी नीट पाहून घ्याव्यात आणि मग दुसऱ्या दालनात पेंढा भरलेले पक्षी पाहावेत. तिथे रोहितही आहे. त्याची पिसे खरी आहेत, मान कोणीतरी वळवून बसवलेली आहे, आणि डोळा काचेचा आहे.